पाळ कुणाची

सिमरोलच्या उतारावर आमचे चौदा प्लॉट
आणि बिल्डरने हौसेने अडवलेला एक नाला.
खरेदीखतात आहे: तळ्याचं दर्शन, नौकाविहार.
मातीच्या पाळीबद्दल एक ओळ नाही.

गेंदालाल रोज सकाळी पाळीच्या पायथ्याशी बसतो,
झिरपा बाटलीत धरतो,
तारीख टाकून खिडकीत ठेवतो.
"जब तक साफ, तब तक माफ," म्हणतो.
मंगळवारची बाटली चहासारखी.

सभा भरली करमळकरांच्या व्हरांड्यात.
बिल्डर इंदूर सोडून गेलेला, सोसायटीची नोंदणी लटकलेली.
इंजिनियर म्हणाला, पाळीवरचं जांभूळ मुळासकट काढा,
मूळ कुजलं की पाण्याला वाट होते.
करमळकर काही बोलले नाहीत.
ते जांभूळ सुमित्राताईंच्या वर्षश्राद्धाला लावलेलं.

मग पाळ कुणाची?
कपबश्यांचा आवाज तेवढा झाला.
खाली नाल्याकाठी अकरा घरं, एक अंगणवाडी.
त्यांना सभेचं बोलावणं नव्हतं.

मीही गप्पच.
सांडव्यात दोन फळ्या मागच्या दिवाळीत मीच ठोकल्या होत्या,
नातीची बदकाची बोट
गाळात रुतू नये म्हणून.

रात्री पहार घेऊन गेलो.
गेंदालालने टॉर्च धरला, विचारलं काही नाही.
दुसरी फळी सुटली तेव्हा पाणी
आधी बोटभर सरकलं,
मग सांडवाभर.

सकाळी बदक चिखलात कलंडलेलं.
आणि पाळीवर एकटे करमळकर,
हातात सुतळी,
जांभळाच्या खोडाचा घेर मोजत.