डावं-उजवं

ओलेगारिओ बेंतांकोरने चव्वेचाळीस वर्षं
मोंतेविदेओत, सेर्रोच्या कत्तलखान्यात
गुर्दे काढले.
आदल्या संध्याकाळी मी सही घ्यायला गेले
तर पलंगाखाली पाय सोडून बसलेला,
काखेत थर्मास, हातात येर्बाचा रिकामा तुंबा.
पाणी आम्हीच बंद केलं होतं.
"काळजाचं तुम्ही बघा," म्हणाला,
"गुर्द्याचं मला विचारा.
चरबीच्या गोधडीत झोपलेला असतो.
अंगठा घातला की सुटून हातात येतो,
कोमट, ओला, वाटतो त्यापेक्षा जड.
पण चालता गुर्दा नाही बघितला कधी, डॉक्टर.
माझ्यापर्यंत येतो तो थांबलेलाच."

म्हटलं, उद्या बघते तुमच्यासाठी.

सकाळी आठ. मी प्रोबला जेल फासते,
त्याचा जबडा उचलते,
करंगळीएवढी जाड नळी घशातून खाली सोडते.
माणसाच्या पोटात शिरणं म्हणतात
ते मी पगारावर करते.

सगळे हृदयाशी थांबतात.
तेचेरा तर बावीस वर्षं त्या चार खोल्यांतून
बाहेर पडलेला नाही.
मी आणखी खाली जाते, जठरात,
टोक वळवते डावीकडे, मागे.
आधी धुकं. मग प्लीहेची कड.
मग करड्यात करडा,
तो.
जन्मभर जे पाठीशी उभे असतात
त्यांचं तोंड बघायची वेळ
सहसा येत नाही कुणावर.

रंग चालू करते.
लाल म्हणजे माझ्याकडे येणारं, निळं म्हणजे जाणारं,
शुद्ध-अशुद्धाचा काही संबंध नाही,
विद्यार्थ्यांना दरवर्षी सांगते, दरवर्षी चुकतात.
आवाज वाढवते:
हुश्श… हुश्श…
ओल्या फरशीवर कुणी खराटा मारतंय.
सेकंदाला सव्वीस सेंटीमीटर.

नऊ चाळीसला हृदय थांबवलं.
खराटा थांबला. आता पंपाचा एकसुरी सुस्कारा,
पडद्यावर बिनठोक्याची सपाट पट्टी.
अठरा. चौदा.
नऊ.
वरच्या मॉनिटरवर दाब अडुसष्ट, ठणठणीत.
आकडा खोटं बोलत नव्हता,
त्याला हे विचारलंच नव्हतं कुणी.
"मिर्ता, फ्लो वाढव."
तेचेरा मान वर न करता: "प्रेशर बरंय की."
"बरंय. पोचत नाहीये."
मिर्ताने माझ्याकडे बघितलं, मग त्याच्याकडे,
आणि बटण फिरवलं.

त्यानंतर आम्ही वाट बघितली.
यावर मला जास्त लिहिता येत नाही.

अकरा. पंधरा. बारा. सतरा.
साडेअकराला हृदय परत आलं
आणि फरशीवर पहिला फटकारा,
अडखळत, मग दुसरा.
पलंगाखालच्या पिशवीत चार थेंब, मग धार.
मुताचं एवढं कौतुक
मी आईपणातही केलं नव्हतं.

चौथ्या दिवशी त्याने विचारलं, "दिसला?"
"दिसला. चालत होता."
"कसा?"
मी हवेत हात हलवून दाखवला, खराट्यासारखा.
बराच वेळ तो माझ्या हाताकडे बघत राहिला.
"आणि दुसरा?"

उजवा यकृताआड असतो,
माझ्या नळीला धड सापडत नाही.
घरी मुलांमध्ये कधी डावं-उजवं केलं नाही,
आणि इथे साडेतीन तास
एकाच्याच तोंडाकडे बघत बसले होते.
"तोही तसाच असणार," म्हटलं.

ओलेगारिओ हसला, छातीवर उशी दाबून धरत.
"आम्हीही तेच करायचो, डॉक्टर.
एक तोलायचा.
वहीत दुप्पट लिहायचं."