पंचेचाळीस फूट चिखल

मिनिनो कुलासोची निळी.
तुळशीदास फळदेसाईची हिरवी,
बँकेच्या हप्त्यांवरची, चारही चाकांना जोर.
माझीचा रंग ऊन पडलं की ठरतो:
चॅसी मडगावच्या भंगारातली,
इंजिन दुसऱ्याच कुणाचं,
जोड तेवढे माझ्या हातचे.
कुडचड्यात माझं वेल्डिंगचं दुकान आहे.
जोड सुटला तर अब्रू सुटते.

ऑगस्टातल्या रविवारी, मिनिनोचं मीस आटोपलं की
आम्ही रिवणच्या खाली जमतो,
कुशावतीच्या काठी, पडीक मळ्याच्या तोंडाशी.
पंचेचाळीस फूट. पावलांनी मोजलेले,
आणि त्यावरही वाद:
तुळशीची पावलं लांब,
त्याच्या हिशेबी चाळीसच भरतात.

पैज ठरलेली. जो रुतेल
त्यानं सगळ्यांना मिरची भजी चारायची,
शिवाय आठवडाभर गप्प बसायचं.
भज्यांचे पैसे प्रत्येकानं भरलेत.
गप्प कुणीच बसलेलं नाही.

मिनिनो म्हणतो, वजन. हलकी गाडी
पाणकिड्यासारखी वरून निघून जाते.
तुळशी म्हणतो, हवा. टायरातली चारवर आण,
रबर पसरू दे, थापलेल्या भाकरीसारखं.
मी म्हणतो, आधी तोंडातली हवा काढा.
मग तिघंही हसतो, आणि हसता हसता
एकमेकांच्या टायरांची नक्षी
गुपचूप बघून घेतो.

त्या दिवशी मिनिनो सुटला. आवाज असा की
बगळे उठून पलीकडच्या माडांवर गेले.
तिसाव्या फुटाला मागची चाकं जागीच फिरली,
तांबडा फवारा उडाला थेट
तुळशीच्या नव्या रेनकोटवर.
"बत्तीस!" मिनिनो ओरडला.
"तीस," आम्ही म्हणालो.
तुळशी गेला डावीकडून, मान वर करून,
मिनिनोच्या पुढे बरोबर एक हात,
आणि पोटावर बसला, म्हशीसारखा, समाधानानं.
एक हात!
त्या एका हातावर तो दिवाळीपर्यंत जगेल.
मी गेलो दोघांच्या मधून.
माझ्याबद्दल एवढंच, की जोड सुटला नाही.

तेवढ्यात वरच्या बांधावरून
देवकी वेळीप आली, टिलरच्या मागे चालत,
लोखंडी चाकं, डोक्यावर खताच्या गोणीची खोळ,
हँडलला जेवणाची पिशवी.
थांबली नाही. मळ्यात उतरली,
जराशी उजवीकडे वळली, का ते कळलं नाही,
आणि तशीच चालत राहिली.
आमचा चिखल मांडीपर्यंत,
तिचा घोट्यापर्यंत.
बाजूने जाताना म्हणाली,
"कितें सोदतात रे? सांडलां कितें?"

तिघांपैकी एकालाही उत्तर सुचलं नाही.

मग विंचचा हूक जांभळीच्या बुंध्याला लावून
आम्ही एकमेकांना उपसलं.
कुणी कुणाला, याच्या तीन हकिकती
सध्या कुडचड्यात फिरतायत.

भजी खाताना ठरलं, टिलर धरायचा नाही.
त्याची चाकं लोखंडाची.
शिवाय तो, मिनिनो म्हणाला, खेळायला आलाच नव्हता.
कढईत मिरच्या फुटत होत्या.
आम्ही लगेच हो म्हणालो,
जरा जास्तच लगेच.

मंगळवारी शटर लवकर ओढून
मी एकटा गेलो. चपला हातात घेतल्या.
ती वळली होती तिथे उजवीकडे
पाऊल सोडलं चिखलात,
आणि ते घोट्याशी थांबलं.
खाली बांध होता. बुडालेला, दगडी,
मळा पिकत होता तेव्हाचा.
वाकून, हात पसरून रुंदी घेतली:
गाडी मावेल. जेमतेम.
चालत गेलो पलीकडे.
माझ्या पावलांनी एकोणपन्नास भरले.
नदीकडे तोंड करून जरा उभा राहिलो,
कुणी बघितलं तर लघवीला आलोय असं वाटावं म्हणून.

परवा पुन्हा रविवार.
चेन ताणून ठेवलीय, जोडांवरून बोट फिरवलंय.
मघाशी मिनिनोचा फोन होता:
काय वेल्डर, काही नवीन?
म्हटलं, नाही रे.
नवीन काय असणार?