उजवा पाय

माजिवड्याच्या पुलाखाली
पावणेदहाची गाडी सव्वादहालाही आलेली नाही,
आणि मी दादांना पुन्हा एकदा समजावते:
खालचा बर्थ घेतलाय. मधला, चाकावरचा नाही,
हादरे कमी बसतात.
मानेला ही उशी. पायात मोजे घाला, एसी आपल्या हातात नसतो.
पाणी घोटघोट. कळंबोली सोडली की थेट फूड मॉल.
आवळासुपारी बाहेरच्या कप्प्यात, घाटात लागली तर.

दादा ऐकतात.
एकतीस वर्षं खोपट डेपोत काढलेला माणूस
नव्या डेपो मॅनेजरचं ऐकायचा, तसं.
म्हणजे मान हलवत, टायरकडे बघत.

"पुढचा डावा गुळगुळीत झालाय,"
गाडी आल्यावर एवढंच.

पडदा ओढला. निळा दिवा, धुतलेल्या चादरीचा वास.
दादा पाठीवर ताठ, हात पोटावर,
जणू आता डॉक्टर येणार आहेत तपासायला.
"गाडी चालू असताना आडवं व्हायचं म्हणजे..."
वाक्य ऐरोलीच्या सिग्नलला अडकलं,
सिग्नल सुटला तरी पुढं गेलं नाही.

रबाळे, घणसोली, तुर्भे.
दर थांब्याला एक गोणी, एक कुकरचा खोका,
फोनवर "मी ब्रिजखालीच उभा आहे, कुठल्या ब्रिजखाली?"
सानपाड्याला वरच्या बर्थवर एक बाळ आलं,
रडलं, झोपलं.
आणि तेव्हा मला दिसला
चादरीखाली दादांचा उजवा पाय.

बाहेरचं काही दिसत नव्हतं त्यांना.
नुसत्या इंजिनच्या आवाजावर
पाय दाबला जायचा, सुटायचा.
आणि मग, अर्ध्या क्षणानं, गाडी हळू व्हायची.

आम्ही औशाला निघालो होतो,
गौसभाईंच्या चाळिसाव्याला.
अठरा वर्षं एकाच गाडीवर
हे पुढं आणि ते घंटीच्या दोरीजवळ.
गौसभाई घरी आले की मला सांगायचे,
"तुझ्या बापाच्या गाडीत एखादी बाई
ठाण्यात शेजारणीच्या खांद्यावर मान टाकायची ना,
उमरग्याला ती मान तिथंच सापडायची."
मला तेव्हा वाटायचं, ही त्या बाईची गोष्ट आहे.

रात्रपाळीचे दादा सकाळी घरी येत,
खुर्चीत बसल्या बसल्या झोपत.
आई मिक्सर लावायची नाही.
आम्ही चटणी पाट्यावर वाटायचो,
आणि मला त्याचा राग यायचा.

घाट संपल्यावर दादा उठले.
"जरा पुढं जाऊन येतो."
काचेपलीकडे केबिनमध्ये
ड्रायव्हरच्या खांद्याशी वाकलेले दिसले,
पांढरा सदरा, समोरच्या ट्रकच्या लाल दिव्यात.
दोन मिनिटं. फार तर तीन.

"काय विचारलंत?"
"जेवलाय का, म्हटलं."
मग पाय वर घेत, मोजे काढत,
"डाळभात खाल्लाय. जड नाही. दुपारी झोपलाय पण.
परांड्याकडचा आहे, लेंडवे म्हणून.
क्लच हळू सोडतो पोरगा."

मी महिनाभर तिकिटांचं ॲप चाळलं होतं,
बर्थची लांबी, चार्जिंग, ब्लँकेट, स्टार किती.
हा रकाना कुठंच नव्हता.

ते कुशीवर वळले.
बोटाच्या पेरानं बर्थच्या फळीवर दोनदा टकटक केलं,
कुणासाठी ते मी विचारलं नाही.
भिगवणच्या आसपास घोरायला लागले,
उशी पायथ्याशी, तोंड उघडं.

मी जागीच.
टेंभुर्णीच्या अलीकडे गाडी गतिरोधकावर आदळली,
वरचं बाळ कुरकुरलं, कुणाची तरी बाटली गडगडत गेली.
दादांचा पाय तसाच पडून होता, सैल,
अंगठ्याचं नख वाढलेलं.

चादरीखाली
माझा दाबला गेला होता.