चाळीस अंश

सकाळी साडेसहाला मी कुंडावरचं जड झाकण ओढते,
काचेच्या नळीत पाणी धरून गुलाबी रंग बघते,
वहीत लिहिते: क्लोरिन ठीक. तापमान चाळीस.
बाहेर उणे सहा. फ्योर्डवर अजून मिट्ट काळोख.

पावणेसातला येतात चौघं, अंघोळ करून, ओलेत्यानं,
बर्फावरून अनवाणी टणाटण उड्या मारत,
आणि गळ्यापर्यंत पाण्यात शिरले
की देश चालवायला घेतात.

ह्योर्लेइफुर एके काळी बँकेत होता. म्हणतो,
सरकारनं हात आखडावा, बाजार आपलं बघून घेतो.
हो, घेतलंन् की, म्हणते स्टेइनुन मास्तरीण,
तुझ्या बँकेनं बघून घेतलं, आणि फेडलं आम्ही.
यावर रोज हसतात.
विनोद शिळा होत नाही,
गरम पाण्यात ठेवल्यामुळे असेल.

गावात, दुकानाच्या रांगेत,
ही माणसं एकमेकांना पाण्यात पाहतात.
पाण्यात मात्र
एकमेकांना जागा करून देतात.

इंगिम्युंदुरचा विषय एकच: कोटा.
समुद्रात अजून मोकळ्या फिरणाऱ्या कॉडचा
कागदावरचा वाटा,
जो विकता येतो, गहाण टाकता येतो,
लेकीच्या लग्नात आंदण देता येतो.
मोठ्या कंपन्यांनी गाव गिळलं, तो म्हणतो,
आणि बाकीचे तिघं वाफेकडे बघतात.
अकरा वर्षांपूर्वी त्यानं आपला वाटा विकला
पलीकडच्या फ्योर्डला, एका दुपारी.
पाण्यात राहून माशाशी वैर नको म्हणतात,
यानं मासाच विकून टाकला.

मी तेव्हा कारखान्यात होते, काटे काढायच्या पट्ट्यावर.
बोग्ना, मूळची वोम्झाची.
पट्टा थांबला त्या दिवशी मी सुरी धुऊन
जागच्या जागी ठेवली,
उद्या कुणाला तरी लागेल म्हणून.

परवा नगरपालिकेची नोटीस मीच चिकटवली दारावर:
काटकसरीसाठी, हिवाळ्यात तलाव
फक्त दुपारी तीननंतर.
ह्योर्लेइफुरनं चष्मा पुसला, दोनदा वाचली.
पण हे खर्चात कसं धरतात, तो म्हणाला,
हे तर... पाणी आहे.
कुणी हसलं नाही. स्टेइनुनसुद्धा नाही.

मग अर्नदीस, जी कधीच बोलत नाही,
वर बघून म्हणाली, बोग्ना, तुझे किती तास गेले?
इतक्या वर्षांत पहिल्यांदा
पाण्यातून काठावर आलेला प्रश्न.
सकाळचे सगळे, मी म्हटलं.
पाणी काय, जमिनीतून रात्रंदिवस उकळतंच येतं,
त्याला पगार नाही.
खर्च माझा आहे.

गुरुवारच्या सभेला चौघं गेले. मीही, मागच्या बाकावर.
कपड्यांत किती लहान दिसत होते!
हात वर करून बोलले, आवाज पातळ,
ह्योर्लेइफुरनं आकडे आणले होते,
इंगिम्युंदुर उभा राहिला आणि विसरला.
अध्यक्षीणबाई भली आहे. तिनं सगळं लिहून घेतलं.
तिच्याकडेही पैसे नाहीत:
मासे गेले, मग कर गेला, मग शाळेचा एक वर्ग.
निर्णय पुढच्या बैठकीत.

आज पुन्हा पावणेसात. उणे नऊ.
अर्धा तास कुणीच देश चालवला नाही.
मग इंगिम्युंदुर, हनुवटी पाण्यात बुडवून,
मी तेव्हा विकला नसता तर...
वाक्य तिथंच राहिलं, वाफेत.
स्टेइनुन सरकली,
आणि जिथून गरम धार येते
ती तिची जागा त्याला दिली.

नियमात चाळीसच्या वर जायचं नाही.
मी आत जाऊन कळ अर्धा अंश फिरवली.
वहीत लिहिलं: चाळीस.