भोके चार

जुन्या बाजारात सापडला तो, बुधवारी,
पितळी स्टोव्ह आणि बिनकाट्यांच्या घड्याळांच्या मधे.
भंगारवाला म्हणाला, टीपॉय करा, वर काच टाका,
बंगल्यांतून चालतं हल्ली असलं.
दोन सागवानी फळ्या, एका अंगाला बिजागरी.
मिटल्या की मधे चार भोकं:
दोघांचे पाय, की एकाचेच हातपाय,
त्यालाही ठाऊक नव्हतं.

संग्रहालयाने घेतला साडेतीन हजारांना.
मी तिथे मोडी वाचतो, पानाला साठ रुपये.
कसरीने खाल्लेल्या एका बाडात
चावडीचा खर्च लावलेला आहे, महिनेवार:

बहिरू सुतार, खोडा दुरुस्ती, आणे तीन.
बिजागरीस तेल, पाव शेर.
गाढव एक, पेठेतून फिरवणेबद्दल भाडे, आणे दोन.
सदरहूस चंदी.
चुना, काजळ, हलगीवाला असामी एक.
भिवरी कोष्टीण, सूत चोरले सबब,
खोड्यात दिवस तीन.

भिवरीपुढे रक्कम नाही.
गाढवाने काय खाल्लं ते कळतं,
तिने काय खाल्लं ते कळत नाही.

आणि ‘तीन’वर एक आडवी रेघ आहे.
तीन खोडून वर ‘पाच’ केलेत.
शाई वेगळी, जरा तांबूस. घाईत मारलेली.

आठ दिवस मी त्या रेघेपाशीच अडकलो.
झाडाचं खोड. माणसाची खोड.
आमचे मास्तर ओणवं उभं करून म्हणायचे,
थांब, तुझी खोडच जिरवतो,
आणि वर्ग हसायचा, मला सोडून चाळीस जण.
खोडी, खोडा, खोडणे.
एवढे शब्द एका सागाला लगडलेले,
आणि तिसऱ्या दिवशी भिवरीने काय केलं
ते सांगायला त्यातला एकही पुढे येत नाही.
हसली असेल? थुंकली असेल?
की नुसतं बघत राहिली, रोज दूध घालायला जाणाऱ्या
एखाद्या भल्या माणसाकडे,
आणि त्याला ते बघणं सोसलं नाही?

नवनाथ चहा घेऊन येतो चार वाजता.
त्याने विचारलं, हे काय, उखळ ठेवायचं?
मी सांगितलं.
चौकात? सगळ्यांसमोर?
हो.
पाच दिवस. मग सोडायचे?
मग सोडायचे.
त्याने ग्लास खाली ठेवले.
म्हणाला, बाणेरच्या एका सोसायटीत मी पार्सलं टाकायचो,
एक हरवलं. माझा फोटो टाकला ग्रुपवर, नावासकट.
पार्सल मिळालं नंतर, त्यांच्याच शू-रॅकमागे.
फोटो?
तो आहे की अजून.
गोल्डनमधला वॉचमन परवाच म्हणाला, तू तोच ना.
एवढं बोलून त्याने मला बिस्किटाचा पुडा दिला,
पैसे लिहून ठेवतो म्हणाला.

आज मी टेप लावून मापं घेतली.
लांबी चार फूट दोन इंच. जाडी तीन.
तीन भोकांच्या कडा करकरीत, बोटाला लागतात.
चौथ्याची, डावीकडून दुसऱ्याची, गोल आहे आतून,
पोळपाटाच्या कडेसारखी.
इतके घोटे घासले असतील एकाच जागी?
की बहिरूनेच एका संध्याकाळी
चावडीवर कुणी नसताना फिरवली असेल कानस,
तिच्या पायाकडे न बघता?
बाड पुन्हा चाळलं, मागचा महिना, पुढचा महिना.
घासकामाची नोंद कुठेच नाही.

काचेखाली ठेवायच्या कार्डावर मी लिहिलं:
खोडा. सागवान. भोके चार, पैकी एक गुळगुळीत.
क्यूरेटर बाईंनी लाल पेनने
शेवटचे तीन शब्द खोडले.
कोण वाचतं हो इतकं.

त्या घरी गेल्यावर नवं कार्ड घेतलं.
तसंच लिहिलं, जरा बारीक अक्षरात.