पावतीपुस्तक

अँटवर्पच्या धक्क्यावर पहाटे सव्वापाचला
हजेरीचं दालन उघडायचं. किल्ली माझ्याकडे.
पत्र्याचं छप्पर, बाकं नव्हतीच.
तिथे बसायचं नसतंच,
पुस्तक वर धरून उभं राहायचं
मुकादमाची नजर पडेपर्यंत.
केळी, कोको, पोटॅश, गाड्या:
कुठल्या बोटीला किती हात, ते फळ्यावर खडूनं.

मी खिडकीत बसून वर्गणी घ्यायचे.
लोक म्हणतात, युनियन जाहीरनाम्यांतून झाली.
मी पाहिलंय, ती वाट बघण्यातून झाली.
त्या चाळीस मिनिटांत
कुणाचा अंगठा चेपला, कुणाची बायको निघून गेली,
कुठल्या क्रेनचा ब्रेक घसरतो,
सगळं हातोहात फिरायचं,
एका काडीवर पाच सिगारेटी पेटाव्यात तसं.
आणि संप म्हणजे काय?
मुकादमानं विचारलं, आणि हात वर गेले नाहीत.
बस. एवढंच.
त्या न उचललेल्या हातांचा आवाज
नदीपलीकडे ऐकू जायचा.

आता काम फोनवर येतं. अंथरुणातच.
हो किंवा नाही. नव्वद सेकंद.
‘नाही’चं बटण करडं आहे
आणि ते दाबल्यावर काहीच वाजत नाही.
फ्लोरिमोंडनं मार्चमध्ये दाबलं, पाठ धरली होती म्हणून.
पुढे अकरा दिवस त्याला बोट मिळाली नाही.
भांडायचं कुणाशी?
मुकादम होता तेव्हा त्याला शिव्या तरी घालता यायच्या,
त्याच्याच पोरीच्या लग्नात, त्याचीच बिअर पिऊन.
कंपनी म्हणते, आम्ही नाही, यंत्र ठरवतं.
यंत्र काही म्हणत नाही.

ब्रुसेल्सच्या आमच्या हुशार पोरांनी
युनियनचंही अ‍ॅप काढलं.
त्यात एक वळलेली मूठ आहे, नखाएवढी.
दाबली की थरथरते.

मग मिमून म्हणाला
(त्याचा बाप रिफच्या डोंगरातून आला, पोती वाहायला;
हा क्रेन चालवतो, क्रेनपासून तीन किलोमीटरवर,
खुर्चीत बसून, नुसत्या मोज्यांवर),
म्हणाला, गोडलीव, एकदा जमू या जुन्या दालनापाशी.
फोन घेऊन. सव्वापाचला.
वाजू देत सगळ्यांचे एकदम.
आणि कुणी उचलायचा नाही.

गुरुवारी एकोणीस जण आले.
दालनात आता भिंती चढायला शिकवतात,
रंगीत खुंट्यांना लोंबकळायचे पैसे घेतात.
आम्ही बाहेर, गाड्या लावायच्या पट्ट्यांवर.
एकोणीस फोन तळहातावर, आभाळाकडे तोंड करून.
सव्वापाच.
पाच वीस.
एकही वाजला नाही.

योरिसला आधी कळलं, तो सव्वीसचा आहे:
“त्याला दिसतंय, आपण कुठे उभे आहोत ते.”
लांब धक्क्यावर दिवे सरकू लागले.
बोट रिकामी होत होती.
कुठल्यातरी अंथरुणात कुणीतरी
करड्याशेजारचं हिरवं दाबलं होतं.
आपल्यापैकीच कुणी.
घराचा हप्ता थकला असता, तर कदाचित मीही.

कुणी काही बोललं नाही. गेलंही नाही कुणी.
थर्मास फिरला.
मग फ्लोरिमोंडनं चौदा नंबरच्या ब्रेकचा विषय काढला.
मिमून म्हणाला, आमच्या पडद्यावर तो दिसतच नाही, सांग नीट.
तो नीट सांगत राहिला.
बघता बघता चाळीस मिनिटं झाली.

निघताना योरिसनं विचारलं,
तुम्ही वर्गणी रोख घेता का?
पावतीपुस्तक पिशवीत होतं. का, ते विचारू नका.
शेवटची पावती चार वर्षांपूर्वीची.
मधला कार्बन वाळलेला,
खालच्या पानावर काही उमटेना.
मग मी त्याचं नाव दोनदा लिहिलं,
एकदा त्याच्यासाठी, एकदा माझ्यासाठी,
कुणाच्यातरी गाडीच्या बॉनेटवर.
थंडीनं पेन अडखळत होतं.
त्यानं उजेड धरला,
फोनचाच.