नऊ दिवस

आमच्याकडे पाहुण्याला आधी नाव विचारत नसत,
साल विचारत.
मग कुम-हो आत्या डाव्या हाताच्या पेरांवर अंगठा फिरवायची,
उंदीर, बैल, वाघ, ससा,
आणि अंगठा करंगळीशी पोचेपर्यंत
कुणाशी पटणार, कुणाशी फाटणार,
सगळं ठरून गेलेलं असे.

मी बैल. बैलानं बकरीच्या सालातली बायको करू नये म्हणतात,
मी केली.
मे-यीनं पहिल्याच महिन्यात आजोबांची किटली फोडली
तेव्हा आत्यानं माझ्याकडे असं पाहिलं
जणू किटलीचं मरण तिनं केव्हाच वर्तवलं होतं.

आई मात्र ससा.
लग्न जुळवणाऱ्या बाईनं लाल कागदावर लिहून दिलं होतं :
एकावन्न साल, नववर्षाचा पहिला दिवस.
बाबा माकड.
ससा-माकड : फार गोड नाही, कडूही नाही, निभेल.
माकडाचा छत्तीसचा आकडा वाघाशी.

इपोमध्ये आमचा धंदा मोडांचा.
मुगाचे मोड, आखूड, जाड,
दाताखाली कर्रकन तुटणारे.
चुनखडीच्या डोंगरातलं पाणी, अंधारी खोली, मातीचे रांजण,
आणि दर चार तासांनी शिंपण,
दिवसा, रात्री, सणाला, तापात.
रात्री दहाचं आई, दोनचं बाबा, सहाचं पुन्हा आई.
या पाळ्यांवरून दोघं जेवढी भांडली
तेवढे शेजारी देश भांडत नाहीत.
मग तीन-तीन दिवस अबोला,
आणि माझ्यामार्फत निरोप :
बाबांना सांग, तिसरा रांजण गळतोय.
आईला सांग, मला डोळे आहेत.

बहिणीच्या लग्नात एकच गोष्ट खटकली.
नवरीच्या खोलीत झाडून साऱ्या बायका,
आई उंबऱ्याबाहेर.
दारात आत्या पहारा देत होती :
वाघाच्या सालातलं कुणी आत येऊ नका गं.
आई म्हणाली, मोडांना पाणी घालून येते.
अकरा वाजले होते.
दहाचं पाणी मीच घातलं होतं.

गेल्या नोव्हेंबरात आई गेली.
पुरोहितानं फळीवर लिहिलं, लाम स्यू-फाँग,
आणि ब्रश उचलून साल विचारलं.
मी म्हणालो, ससा.
बाबा खुर्चीतून म्हणाले, वाघ.

कुणीतरी पंखा बंद केला.

'नवं वर्ष लागायला नऊ दिवस होते.
तिच्या बापानं ते गिळले.'
तुम्हाला कधी कळलं?
'पहिल्याच वर्षी. तापात बडबडली.'
आणि तिला ठाऊक होतं, तुम्हाला ठाऊक आहे ते?
बाबांनी जरा विचार केला.
'विषय निघाला नाही.'

पुरोहित पेरं मोजून खाकरला.
पेटी बंद करताना माकडांनी पाठ करावी, म्हणाला,
रीत आहे, नाहीतर चिकटतं.
धाकटे काका वळले,
मे-यीचा भाऊ वळला,
मोड पोचवणारा पोरगा, त्याला कुणी सांगितलंही नव्हतं,
तोही वळला.
बाबा वळेनात.
आत्यानं बाही ओढली. त्यांनी ती सोडवून घेतली,
काठी भिंतीला टेकवली,
आणि शेवटचा खिळा बसेपर्यंत
समोर बघत राहिले,
भांडणात बघायचे तसे, डोळे बारीक करून,
आता बोलायची पाळी तिची असल्यासारखे.

त्या रात्री दहाला मी अंधाऱ्या खोलीकडे गेलो
तर आत नळ चालू.
म्हटलं, बाबा, आज राहू दे, मी घालतो.
पाठमोरेच म्हणाले,
दोनचं तू घाल.
आणि तो तिसरा रांजण बघ.
गळतोय.